पैलवान पाठीवर झोपायला तयार होईना

पुण्यात संध्याकाळची ग्रॅपलिंगची, म्हणजे ठोसे-लाथा नसलेल्या पकडीच्या लढतीची, बॅच घेतो मी. जुलैतली गोष्ट, बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे नेहमीच्या 14 जणांऐवजी 7 च जण आलेले आणि त्यात एक नवा. नवा म्हणजे काय, कान बघूनच कळलं. दोन्ही कान फुटून गोळा झालेले, मान खांद्यात घुसलेली, वजन 90 च्या आसपास. कोल्हापूरकडच्या तालमीत बरीच वर्षं माती अंगाला लावलेला गडी, आता नोकरीपायी इकडे आलेला. वयानं माझ्यापेक्षा मोठा, तरी मला पहिल्यापासून "सर", आणि मी त्याला पैलवान.

त्या दिवशी चेन ड्रिल, म्हणजे एकातून दुसरा डाव काढायचा सराव, ठेवली होती, आर्मबार, ट्रँगल, ओमोप्लाटा. आपण खाली पाठीवर, समोरचा आपल्या दोन पायांच्या मध्ये, ह्याला आम्ही क्लोज्ड गार्ड म्हणतो. तिथून त्याचा हात छातीशी धरायचा, कंबर फिरवायची, पाय डोक्यावरून टाकायचा आणि कोपर उलटं ताणायचं, हा आर्मबार. त्याने तो हात उपसून काढला की त्याचा एक हात आपल्या पायांच्या आत आणि एक बाहेर राहतो, मग त्याच पायांनी त्याची मान आणि आतला हात एकत्र आवळायचा, हा ट्रँगल. त्यातून सुटायला त्याने आतला हात वळवून स्वतःच्या कमरेकडे लपवला की पायांनीच त्याचा खांदा पिरगाळायचा, हा ओमोप्लाटा. ऐकायला सोपं वाटतं. मी मोजायचो, एक, दोन, तीन, आणि सगळे कवायतीसारखं करायचे, सहा महिने हेच चाललेलं आणि मला वाटायचं काय भारी बॅच तयार झालीय.

पैलवानाला जोडी दिली आमच्या ब्लू बेल्टवाल्या मुलीची, वजन असेल 58, पण टेक्निक एकदम स्वच्छ. मी "एक" म्हणलं, तिने आर्मबार लावला, पैलवानाने कोपर सर्रकन उपसलं. परत एक, परत तेच. चौथ्यांदा ती वैतागून म्हणाली, सर हे हातच देत नाहीयेत. मी सांगायलाच निघालो होतो की पैलवान जरा हात सैल ठेवा, ड्रिल आहे, आणि तेवढ्यात दिसलं की ट्रँगल सताड उघडा पडलाय. एक हात आत, एक बाहेर, मान पुढे. आणि ही पोरगी हातातून काय निसटलं तेच बघत बसलीय, कारण मी अजून "दोन" म्हणलो नव्हतो!

खरं सांगतो, पोटात गोळा आला. चूक तिची नव्हतीच. दुसरा डाव समोरच्याच्या सुटकेतून निघतो, आणि मी सहा महिने तो माझ्या मोजण्यातून काढायला शिकवत होतो. जोडीदार पण इतके गुणी की आर्मबारला हात आपणहून सोडायचे आणि ट्रँगलसाठी मान आपणहून पुढे आणून द्यायचे. असल्या ड्रिलने घाम येतो, बाकी काही येत नाही.

मग पैलवानाची पाळी खाली झोपायची. तर गडी झोपायलाच तयार नाही. "पाठ टेकली की कुस्ती गेली ओ सर, मी आपणहून कशाला पडू?" सगळे हसले, पण त्याचा चेहरा गंभीर. शेवटी पडला, पण मी छातीवर बसून माउंट घेतल्या घेतल्या ताडकन पालथा झाला. मातीत ते बरोबरच आहे, पोटावर असलास तर चीतपट कशी होणार. आमच्याकडे मात्र तू पाठ दिलीस, दोन्ही पाय हुकसारखे आत गेले की स्पर्धेत 4 पॉइंट, आणि पॉइंटचं सोडा, पुढे गळा आहे. मी मागून चोक लावला, हळूच. टॅप, म्हणजे हार मानल्याची थाप, येईना. अजून आवळला, तरी नाही, नुसतं घशातून घरघर. नीट बसलेला चोक काही सेकंदांत माणसाला झोपवतो, म्हणून मी घाबरून सोडला, तर हा लालबुंद चेहऱ्याने उठून म्हणतो, "सुटलो की!"

टॅपचं मी त्याला आल्या आल्या एका वाक्यात सांगितलं होतं, तेही बूट काढता काढता. ही दुसरी चूक, आणि ही जास्त महागात पडली असती.

सगळ्यांना पाणी प्यायला बसवलं आणि त्याला किमुराची गोष्ट सांगितली. 1951, रिओचं माराकाना स्टेडियम, जपानचा ज्युडोवाला मासाहिको किमुरा आणि समोर ब्राझीलचा हेलिओ ग्रेसी. किमुराने हात पिरगाळून खांद्याला कुलूप लावलं, हेलिओने टॅप केलं नाही, हात मोडला तरी नाही, शेवटी त्याच्या कोपऱ्यातल्या त्याच्याच माणसांनी लढत थांबवली. त्या डावाला आज जगभर किमुराच म्हणतात. मला वाटलं पैलवान हेलिओच्या जिगरीवर खूश होईल. तो म्हणाला, "मग हात बरा व्हईपर्यंत सराव कुणी केला?"

आणि मग त्यानेच शिकवणी घेतली आमची. म्हणाला, तुमचं ते एक-दोन-तीन आमच्यात न्हाई. आमच्यात डाव, त्याची तोड, आणि तोडीवर परत डाव. ढाक, म्हंजी कमरेवरनं फेकायचा डाव, मारायला गेलो, त्यो मागं रेलला, की त्याचा पाय मोकळा सापडतोय, पट काढायचा, म्हंजी पाय धरून पाडायचं. त्यो रेललाच न्हाई तर ढाक बसतीयच की. वस्ताद कडेला बसून आकडं मोजत न्हाईत, एकच वरडत्यात, "त्यो काय करतोय बघ!"

उरलेल्या 40 मिनिटांत मोजणं बंद. नियम एवढाच की वरच्याने निम्म्या ताकदीने खरी सुटका करायची, कुठली ते सांगायचं नाही, आणि खालच्याने जे उघडं पडेल ते घ्यायचं. पहिली 10 मिनिटं नुसता गोंधळ, सगळे माझ्याकडे बघतायत, एकाने तर ट्रँगल चुकीच्या बाजूने बांधून स्वतःचाच पाय अडकवून घेतला. मी तोंड बंद ठेवून उभा, तेच सगळ्यात अवघड गेलं.

शेवटच्या राउंडला परत तीच जोडी. तिने आर्मबार टाकला, पैलवानाने कोपर उपसलं, आणि ह्या वेळी तिने माझ्याकडे बघितलंच नाही, पाय सरळ मानेवर. तो ताठ होऊ लागला तसा आतला हात ताणला गेला, ती परत आर्मबारकडे वळली. त्याने हात कमरेकडे लपवला. तिचा पाय खांद्यावरून फिरला, कंबर वळली, ओमोप्लाटा.

फाडकन आवाज आला. माझं काळीज हललं, म्हणलं गेला ह्याचा खांदा. बघतो तर पैलवानाने मॅटवर टॅप केलं होतं, पण असा सणसणीत की पलीकडचे दोघं लढत थांबवून बघायला लागले, शड्डू ठोकला काय ह्याने म्हणून.

"हळू केला तरी चालतो ओ," मी म्हणलं.

"बरं," म्हणाला, आणि मग तिच्याकडे वळून, खांदा चोळत, "ताई, शेवटचं कुठलं लावलंत ते? परत लावा."