कदंबांच्या व्यापारी वाटेवरची मल्टीकॅश : कामाची प्रगती

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या आधारे लपवलेले डबे शोधण्याचा छंद, आणि मल्टीकॅश म्हणजे एकेक टप्पा सोडवत शेवटच्या डब्यापर्यंत नेणारी त्यातली मालिका. गोव्यातील कदंब राजवटीच्या गोपकपट्टण बंदरापासून तांबडी सुर्ल्याच्या घाटपायथ्यापर्यंत जाणाऱ्या अशा मल्टीकॅशची आखणी आता बरीच पुढे गेली असून खांडेपार आणि तांबडी सुर्ला येथील टप्पे पूर्ण झाले आहेत. ज्या क्रमाने किनाऱ्यावरचे मीठ आणि नारळ बैलांच्या पाठीवरून घाटमाथ्याकडे जात असत, त्याच क्रमाने शोधणाऱ्यानेही जावे, असा माझा आग्रह आहे. नकाशावर सोयीचे दिसणारे बिंदू कसेही जोडले, तर वाट वाट राहत नाही.

या मालिकेत कोणत्याही वास्तूपाशी डबा नसेल. तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर हे संरक्षित स्मारक आहे आणि भोवताली भगवान महावीर अभयारण्य आहे. तिथे दगडाच्या फटीत डबी सरकवणे नियमात बसत नाही आणि आपल्या छंदाला शोभतही नाही. म्हणून सर्व ऐतिहासिक टप्पे प्रश्नोत्तरांचे ठेवले आहेत. जागेवर जाऊन निरीक्षण करायचे, मिळालेले आकडे सूत्रात घालायचे आणि त्यातून शेवटच्या डब्याचे को-ऑर्डिनेट्स काढायचे. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर असावे ही अट अशा आभासी टप्प्यांना लागू होत नाही, त्यामुळे वास्तूतील नेमक्या जागी शोधणाऱ्याला उभे करता येते.

खांडेपारच्या गुहांपाशी मी सर्वाधिक वेळ दिला. जांभ्यात कोरलेल्या या चार लहान खोल्यांत डोळे अंधाराला सरावले की भिंतीतच कोरून काढलेल्या खुंट्या आणि कोनाडे दिसू लागतात, आणि एका छतावर कमळ उमलते. खुंटीवर हात ठेवला की ती वेगळी बसवलेली नसून भिंतीचाच भाग आहे, हे स्पर्शालाच कळते. ताजा खणलेला जांभा मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. गुहा कोरणे जमले ते यामुळे आणि गोव्यातली घरे चिऱ्यांनी उभी राहिली तीही यामुळे. याच गुणधर्मावर तिथे स्वतंत्र अर्थकॅश (EarthCache, म्हणजे डब्याऐवजी भूगर्भशास्त्राचे निरीक्षण करायला लावणारी कॅश) करण्याचा विचार आहे, मात्र त्यासाठी संबंधित खात्याची परवानगी आधी हवी.

तांबडी सुर्ल्याला नेमका उलटा प्रकार आहे. हे मंदिर काळ्या बेसाल्टचे असून हा दगड घाटावरून आणला असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे या वाटेने काय काय वाहून नेले, याचा सर्वांत जड पुरावा मंदिर स्वतःच आहे, आणि मालिकेचा अखेरचा ऐतिहासिक टप्पा तिथे ठेवण्याचे कारणही हेच. एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरलेला आहे. परंतु तो सर्वांना माहीत असल्याने त्यावर प्रश्न ठेवला नाही. घरबसल्या उत्तर सापडले, तर टप्प्याला अर्थ राहत नाही. झाडांच्या दाट छताखाली आणि डोंगराच्या कुशीत जीपीएसचा बिंदू बराच भरकटतो. को-ऑर्डिनेट्समधल्या मिनिटाचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) हजारावा भाग अक्षांशात सुमारे १.८५ मीटर भरत असला, तरी तिथे त्या शेवटच्या अंकावर विसंबू नये. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या नोंदींची सरासरी मी वापरली आहे.

शेवटचा डबा अभयारण्याबाहेर एका कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळांच्या बागेत, असेल. भाटकारांनी (बागेच्या मालकांनी) परवानगी देताना पाण्याच्या पाटांना धक्का लागू नये, एवढीच अट घातली. गडग्यात, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणात, डबा लपवण्याचा मोह सहज होतो, पण शोधणारे दगड उपसतात आणि गडगा ढासळतो. शिवाय सापांच्या भागात न दिसणाऱ्या फटीत हात घालायला लावणे सर्वस्वी चुकीचे आहे. त्यामुळे पंपघराच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला, उघडताच आतले सारे दिसेल अशी लाकडी पेटी बसवली आहे. तिच्यात रबरी कडेचा डबा आणि शोधणाऱ्यांनी नाव नोंदवण्यासाठी पाण्याने न भिजणाऱ्या कागदाचे लॉगबुक आहे.

राहिला आहे तो आरंभाचा टप्पा. आजच्या गोवा वेल्ह्याजवळ जुवारीच्या काठी गोपकपट्टणच्या जांभ्याच्या बांधकामाचे अवशेष आहेत. कदंब राजा पहिल्या जयकेशीने अकराव्या शतकात राजधानी चंद्रपूरहून, म्हणजे आजच्या चांदरहून, इथे आणली आणि अरबी समुद्रावरचा व्यापार या काठाला लागला. हे अवशेष ओहोटीतच नीट पाहता येतात. म्हणून भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच निघावे, ही सूचना वर्णनात अगदी वर राहील, आणि प्रश्न काठावर कोरड्या पायांनी उभे राहून सोडवता येईल असाच असेल. तो ठरला की मालिका रिव्ह्यूअरकडे, म्हणजे प्रकाशित करण्याआधी कॅश तपासणाऱ्याकडे, जाईल. तोवर खांडेपारचा प्रश्न कोणी टॉर्चशिवाय, सकाळच्या उजेडात तपासून दिला, तर त्या टप्प्याची काठिण्यपातळी ठरवायला मोठी मदत होईल.