वेलबाइक दुरुस्त करताना: आधी पंप आणि मॅग्नेटो, रंग सगळ्यात शेवटी

दुसऱ्या महायुद्धातली ही बुटकी, घडी होणारी मोटारसायकल हाती आली, की बहुतेक जण पहिल्यांदा लष्करी हिरव्या रंगाचा डबा आणतात. तो डबा सध्या बाजूला ठेवा. वेलबाइक चालते की नुसती शोकेसमध्ये उभी राहते, हे दोन गोष्टींवर ठरतं: टाकीत हवेचा दाब टिकतो का, आणि मॅग्नेटो, म्हणजे फिरत्या चुंबकांवर वीज तयार करणारा भाग, ठिणगी देतो का.

थोडी पार्श्वभूमी, कारण दुरुस्तीतल्या अडचणी तिथूनच येतात. इंग्लंडमध्ये वेल्विनजवळच्या ‘द फ्राइथ’ या ठिकाणी ब्रिटिशांच्या गुप्त कारवाया करणाऱ्या एसओई या संघटनेचं संशोधन केंद्र होतं. तिथे या गाडीचा आराखडा झाला, आणि १९४२-४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या एक्सेलसिअर कंपनीने साडेतीन हजारांवर गाड्या बनवल्या. पॅराशूटने खाली सोडायच्या नळकांड्यात ती मावायला हवी होती. नळकांडं सुमारे १३० सेंमी लांब, ३८ सेंमी उंच आणि ३० सेंमी रुंद. म्हणून हँडल दुमडतं, सीट खाली सरकते, पाय ठेवायचे दांडे आत वळतात. वजन ३२ किलोच्या आसपास. सस्पेन्शन नाही, दिवे नाहीत, किक नाही, पुढचा ब्रेक नाही. इंजिन व्हिलियर्सचं ‘ज्युनियर डी लक्स’, टू-स्ट्रोक, ९८ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ५० मिमी, आणि गिअर एकच. ढकलून सुरू करायची आणि उडी मारून बसायचं.

विकत घेण्याआधी एक खात्री करा. युद्धानंतर याच कल्पनेवर ब्रॉकहाउस कंपनीने ‘कॉर्गी’ नावाची नागरी गाडी काढली, आणि ती वेलबाइकपेक्षा कितीतरी जास्त संख्येने बनली. कॉर्गीला खाकी फासून ‘युद्धातली गाडी’ म्हणून विकणं हा जुना धंदा आहे. कॉर्गीचं इंजिन एक्सेलसिअरचं ‘स्प्राइट’, आणि टाकी वर असल्यामुळे पेट्रोल आपोआप खाली येतं. वेलबाइकच्या टाक्या दोन्ही बाजूंना खाली लटकतात. दोन्हींचे टायर मात्र एकाच मापाचे, साडेबारा बाय सव्वादोन इंची. हे कामाला येतं, कारण कॉर्गीवाल्यांसाठी बनलेले टायर-ट्यूब इथेही बसतात.

आता टाकी. कार्बोरेटर वर आणि पेट्रोल खाली, त्यामुळे हातपंपाने टाकीत हवा भरून पेट्रोल वर चढवावं लागतं. रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारलेल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. दुखणीही तीच. दांडा दाबला तरी हात हलका लागतो, म्हणजे कातडी वायसर वाळलाय. दांडा आपोआप वर येतो किंवा पंपातून पेट्रोल झिरपतं, म्हणजे आतला एकतर्फी व्हॉल्व्ह हवा परत सोडतोय. वायसर रात्रभर तेलात भिजवून काठ बोटाने फुलवला तर काही दिवस चालतो, पण पेट्रोलच्या वाफेने कातडं लवकर कोरडं पडतं. व्हिटॉनचा, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचा, मापाचा कप मिळाला तर तोच घाला. टाकीच्या झाकणाचं पॅकिंगही त्याच वेळी बदला. नवा वायसर घालूनही दाब न टिकण्याचं कारण अनेकदा तिथेच सापडतं.

टाकीचा तळ गंजलेला असणार हे धरूनच चला. लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड या प्रमाणात द्रावण रात्रभर ठेवा, ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा आणि लगेच गरम हवेने वाळवा. लगेच म्हणजे लगेच. तासभर ओली राहिली तरी आतून पिवळी पडते. मग गळती तपासा: साबणाचं पाणी लावा आणि गाडीच्याच पंपाने दाब द्या. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी इथे लावायची नाही. चपट्या पत्र्याच्या या टाक्या दोन-तीन पीएसआयसाठी आहेत. जास्त दाबाने फुगतात आणि सांधे उघडतात. डाग द्यायचा असेल तर आधी टाकी साबणाच्या गरम पाण्याने दोन-तीनदा धुवा, आणि काम चालू असताना पाण्याने जवळजवळ भरलेली ठेवा. रिकामी टाकी हीच धोक्याची. वाफ आत दबा धरून बसलेली असते.

दाबाचा दुसरा परिणाम कार्बोरेटरवर होतो. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट वर आला की एक निडल पेट्रोलची वाट बंद करते. नेहमीच्या गाडीत ही निडल फक्त पेट्रोलचं वजन अडवते, इथे तिला हवेचा दाबही अडवायचा असतो. निडलच्या टोकावर झिजल्याची कडा नखाला लागली तर ती बदला. पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत डुचमळल्याचा आवाज आला तर भोक आहे. गरम पाण्यात बुडवला की बुडबुड्यांवरून जागा कळते; आतलं पेट्रोल पूर्ण काढून मगच कथलाचा छोटा डाग द्या. डाग मोठा झाला तर फ्लोट जड होतो आणि कार्बोरेटर भरभरून वाहू लागतो. उत्साहाने जास्त पंप मारला तरी तेच होतं: प्लग ओला, इंजिन मुकं, आणि माणूस मॅग्नेटोला शिव्या देत बसतो.

तर मॅग्नेटो. व्हिलियर्सचं फ्लायव्हील क्रँकच्या निमुळत्या टोकावर फक्त घट्ट बसून राहतं, त्याला चावी (दोन्ही भाग ठरल्या जागी अडकवणारा लोखंडी तुकडा) नसते. मधला नट सोडताना आधी सैल होतो, थोडा फिरतो आणि पुन्हा घट्ट लागतो. इथे घाबरून थांबू नका. पुढचे आटे फिरवताना तोच नट फ्लायव्हील ओढून बाहेर काढतो. पुलर लावून कडेने ओढलंत तर फ्लायव्हील वाकडं झालंच समजा. काढण्याआधी फ्लायव्हील आणि इंजिनावर एका रेषेत बारीक खूण करा, कारण चावी नसल्यामुळे फ्लायव्हील जिथे बसेल त्यावर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, ठरते. परत बसवताना दोन्ही निमुळते भाग थिनरने पुसून कोरडे करा. तेलाचा थेंब राहिला तर चालू गाडीत फ्लायव्हील सरकतं आणि इंजिन अचानक मागे ठोका देतं.

बाहेर काढलेल्या फ्लायव्हीलच्या आत लगेच लोखंडी पट्टी किंवा रिंग लावून ठेवा. त्या काळचे चुंबक मोकळे पडले की कमजोर होतात. आधीच कमजोर असतील तर पुन्हा चुंबकित करून घ्यावे लागतात, त्याला घरगुती उपाय नाही. कंडेन्सर कितीही चांगला दिसला तरी नवाच घाला. पॉइंट (प्रवाह जोडणारी-तोडणारी दोन टोकं) बारीक दगडाने सपाट करून पेट्रोलने पुसा आणि गॅप ०.३ ते ०.३८ मिमी ठेवा. कॉइल थंड असताना ठिणगी देते आणि दहा मिनिटांनी बंद पडते, असं असेल तर आतलं इन्सुलेशन गेलं. कॉइल पुन्हा गुंडाळून घ्यायची, दुसरा मार्ग नाही.

इंजिन उघडताना हातात मेट्रिक पाने नकोत. आटे जुने ब्रिटिश आहेत, आणि मेट्रिक पाना ‘जवळजवळ’ बसतो तेव्हाच नटाचे कोपरे गोल करतो. सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टमधली आणि सायलेन्सरमधली काजळी लाकडी पट्टीने खरवडा. पोलादी हत्याराने ओरखडे पडतात. रिंग सिलिंडरमध्ये सरळ ढकलून टोकांमधली फट मोजा. ५० मिमी बोअरला ०.२ मिमी ठीक. त्याच्या तिप्पट निघाली तर नव्या रिंगा. क्लचमधले बुचाचे तुकडे वर्षानुवर्षं कोरडे पडून भुगा होतात. नवे बसवून सगळे एका पातळीत घासा, नाहीतर गाडी सुटताना थरथरते. ब्रेकचे जुने लायनर अॅस्बेस्टॉसचे असू शकतात. हवेने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा.

पेट्रोल-तेलाचं प्रमाण १६ ला १. टाकी सुमारे ३.७ लिटरची, म्हणजे भरलेल्या टाकीला २३० मिली. आजच्या टू-स्ट्रोक इंजिनांचं ५० ला १ हे गणित इथे लावलंत तर जुने बेअरिंग तेलावाचून जातील. धूर होतो, होऊ दे. इथेनॉलचं पेट्रोल मात्र खरंच त्रास देतं. भारतात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं. ते बुचाचं पॅकिंग, जुनं वॉर्निश आणि टाकीच्या आतलं सीलर सोडवतं, आणि पाणीही शोषतं. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा.

फ्रेमला रंग देण्याआधी उघड्या पत्र्यावरच गाडी जोडून चालवून घ्या. सस्पेन्शन नसल्यामुळे प्रत्येक खड्डा थेट हँडलच्या मुळाशी आणि इंजिनाच्या पकडीशी जातो, तडे तिथेच येतात, आणि ते रंगाखाली दिसत नाहीत. ब्रेझिंगचे (पितळ वितळवून जोडलेले) सांधे ब्रेझिंगनेच भरा. मिग वेल्डिंगने बाजूची नळी कडक होऊन पुढे तुटते. चालवतानाही भ्रम नको. दिसायला रानात पळणारी गाडी वाटली, तरी इवल्या चाकांनी चिखलात ती लगेच रुतते. सैनिकांनाही ती मुख्यतः पॅराशूटने उतरल्या जागेवरून लवकर पुढे जायला दिली होती. कोरडी पायवाट आणि ताशी ३० किमी ठीक आहे. पहिल्या फेरीनंतर फ्लायव्हीलचा नट आणि चेन पुन्हा तपासा, आणि उभी करताना झाकण सैल करून दाब सोडा.

मग रंग. १९४२ पासून ब्रिटिश सैन्याच्या गाड्यांचा मूळ रंग ‘एससीसी २’ हा तपकिरी होता. ‘एससीसी १५’ हा ऑलिव्ह १९४४ मध्ये आला. म्हणजे १९४३ ची गाडी तपकिरीच शोभते, आणि चकाकी शून्य हवी. टाकीच्या आतल्या कोपऱ्यात किंवा सीटच्या नळीवर जुन्या रंगाचा थर सापडला तर पॉलिश पेपर थांबवा आणि छटा त्यावरूनच जुळवा. मोटारसायकलींचे लष्करी नंबर ‘सी’ अक्षराने सुरू होत. तुमच्या गाडीचा खरा नंबर माहीत नसेल तर ती जागा कोरी ठेवा. दुसऱ्याच्या फोटोतला नंबर उचलून रंगवला, तर पुढचा घेणारा त्यालाच पुरावा समजतो.