लालबागची खोली आणि हार्टफर्डचा क्लब

गेल्या रविवारी आमच्या गावच्या मंडळाची मीटिंग झाली, विषय एकच, मंडळाची लालबागची खोली ठेवायची की विकायची. चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीय, बिल्डर रोख पैसे द्यायला तयार आहे आणि पोरांचं म्हणणं घेऊन टाका, आता लालबागला गावचं राहतंय कोण, सगळे विरार नायतर डोंबिवलीला, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की. खरं सांगते, आधीची मी असते तर मीही हेच बोलले असते. पण मधे २०१७ मध्ये कंपनीने मला हार्टफर्डला पाठवलं आणि तिथे एका क्लबात माझं डोकं जरा फिरलं.

हार्टफर्ड म्हणजे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याची राजधानी, इन्शुरन्स कंपन्यांचं शहर, त्यामुळे आपली आयटीवाली जनता तिथे भरपूर. माझ्या बाजूच्या डेस्कवर एक जमैकन बाई होती, आईच्याच वयाची. नोव्हेंबरमध्ये मी पातळ जॅकेटात कुडकुडत येते हे तिने दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी लेकीचा जुना कोट आणून दिला, आणि शनिवारी म्हणाली चल आमच्या क्लबात.

क्लब म्हटल्यावर मला वाटलं जिमखान्यासारखं काहीतरी असेल. मेन स्ट्रीटवरचा वेस्ट इंडियन सोशल क्लब. आत गेले तर चार म्हातारे टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्या अशा दणादण आपटतायत की आमच्या चाळीतले कॅरमवाले पण गपगार होतील (डॉमिनो म्हटलं की मला तोपर्यंत फक्त पिझ्झा माहीत होता). मुंबईची आहे कळल्यावर त्यातल्या एकाने मान वर न करता फक्त 'गावस्कर' म्हटलं. १९७१ ची सिरीज, चार टेस्टमध्ये ७७४ रन, त्याच्यावर तिकडे कॅलिप्सो, म्हणजे त्यांच्याकडचं गाणं, पण निघालं होतं, हे सगळं मला त्या टेबलावर परत एकदा ऐकायला लागलं आणि मी पण जणू माझ्याच काकाने मारलेत अशा थाटात ऐकून घेतलं.

जेवणाचं काय सांगू. करी गोट म्हणजे आपला मटणाचा रस्साच, फक्त मिरची वेगळी, डोळ्यातून पाणी काढणारी. नारळाच्या दुधात राजमा घालून शिजवलेला भात, त्याला ते राइस अँड पीज म्हणतात, वाटाणा औषधालाही नसतो. लाल अंबाडीच्या बोंडांचं आलं घातलेलं सरबत. आणि रोटी, शब्द पण तोच, कारण १८४५ पासून आपल्याकडचे गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, जहाजं भरभरून त्रिनिदाद-जमैकाला गेले आणि पोळपाट-लाटणं घेऊनच गेले म्हणायचं.

पण मला अडकवलं ते क्लबच्या गोष्टीने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले पुरुष लढाईवर, शेतात माणूस नाही, म्हणून १९४३ पासून जमैकातून कंत्राटी कामगार आणले, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातल्या तंबाखूवर. तिथली तंबाखू पांढऱ्या कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, तिचं पान सिगारच्या सगळ्यात बाहेरच्या गुंडाळीला लागतं. (त्याच तंबाखूच्या शेतांवर १९४४ च्या उन्हाळ्यात कॉलेजच्या पोरांबरोबर मार्टिन ल्यूथर किंग पण राबायला होते.) कंत्राट संपल्यावर काहीजण तिथेच राहिले, कारखान्यात लागले, पण रंगामुळे बसायला जागा नाही, घर भाड्याने कोण देणार, बँक दारात उभं करणार नाही. १९५० मध्ये त्यांनी क्लब काढला. न्यूयॉर्कात तर त्याच्याही आधीपासून बेटागणिक वेगळी मंडळं होती, मॉन्टसेराटचं वेगळं, बर्म्युडाचं वेगळं. आपल्याकडे गावागणिक असतं ना, अगदी तसं.

आणि भिशी! जमैकन लोक तिला पार्टनर म्हणतात, त्रिनिदादवाले सूसू, बार्बाडोसवाले मीटिंग टर्न, गयानावाले बॉक्स हँड, पण आहे ती भिशीच. समजा वीस जण, आठवड्याला पन्नास डॉलर, एक बाई हिशोब ठेवणार, दर आठवड्याला एकाला हजार. कागद नाही, सही नाही. इंग्लंडला गेलेल्या जमैकन लोकांनी बँकेने हाकलल्यावर याच पैशांतून घरांची पहिली रक्कम भरली. मी विचारलं, कोणी उचलून पळाला तर? माझी डेस्कशेजारीण हसली, म्हणाली पळेल पण मग शनिवारी कुठे जाईल? मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की भिशी हिशोबावर नाही, त्या टेबलावर चालते. रोज तोंड दिसतं म्हणून पैसे परत येतात.

मयताचं पण तेच. त्यांच्यात नऊ रात्रींचं असतं, नाईन नाईट, नवव्या रात्री रम, तळलेले मासे, डॉमिनो, भजनासारखी गाणी, पहाटेपर्यंत. घरच्यांना एकटं सोडायचं नाही एवढंच.

हे बघून मला लालबागची खोली आठवायला लागली, जिला मी लहानपणी नुसती 'वास येणारी खोली' म्हणायचे. माझे आजोबा १९५८ ला मिलमध्ये लागले तेव्हा त्या एका खोलीत पस्तीस चाळीस माणसं, भिंतीला पत्र्याच्या ट्रंका, दिवसपाळीवाला उठला की त्याच्या जागेवर रातपाळीवाल्याने वळकटी पसरायची. जेवण खानावळवाल्या मावशीकडे महिन्याच्या खात्यावर. मिलमध्ये चिकटवायचं तर गावच्या कोणीतरी जॉबरशी, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाशी, बोलायचं, कोणी गेला तर वर्गणी काढून एकाला एसटीने निरोप घेऊन गावी धाडायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि आमच्या खोलीने दीड वर्ष कोणाकडून खोलीचे महिन्याचे पैसे घेतले नाहीत, हे मला आजीने सांगितलेलं. हा हिशोब कुठेच लिहिलेला नाही. एका जुन्या वहीत नुसत्या रिकाम्या रकान्यांची पानं आहेत.

तर मीटिंगमध्ये मी हे सगळं बोलायला उठले आणि अर्थातच फाफटपसारा झाला, जमैका-बिमैका ऐकून दोघातिघांनी मोबाईल काढले. बाजूला बसलेल्या आमच्या नानी मात्र म्हणाल्या, "पैशे येतीत गो, पण मगे बसूचा खय?" तर एक पोरगा म्हणतो झूमवर बसू. नानींनी विचारलं झूम खय इला, भांडुपाक? पाच मिनिटं नुसता हशा.

मी भाबडेपणा करत नाहीये. त्या खोलीत आम्हा बायकांना कित्येक वर्षं हळदीकुंकवाशिवाय कोणी बोलावलं नव्हतं, आणि कोणाला आत घ्यायचं कोणाला नाही यात जातीचं राजकारण पण भरपूर झालंय, ते मी मीटिंगमध्ये पण बोलले. म्हणून विकायची? मला वाटतं पैसे न घेता नवीन बिल्डिंगमध्ये छोटी का होईना खोलीच मागावी आणि तिथे मंडळाची भिशी बायकांच्या हातात द्यावी. चार जण माझ्या बाजूने, सहा विरुद्ध, बाकीचे वडापाव येईपर्यंत गप्प.

ठरलं काहीच नाही. उठता उठता कोणीतरी विचारलं पुढची मीटिंग कुठे, आणि विका विका म्हणून सगळ्यात जास्त ओरडणारा पोरगा चप्पल शोधता शोधता बोलला, खोलीवरच की, आणि येताना कोणीतरी ट्यूबलाइट आणा रे, ही दोन महिने नुसती फडफडतेय.