इतर हक्क

मावशींचं नाव सातबाऱ्यावर होतं, पण उजवीकडच्या रकान्यात. डावीकडे भोगवटादार म्हणून दोघे भाऊ आणि उजवीकडे 'इतर हक्क' या मथळ्याखाली, सोसायटीच्या बोज्याच्या खालच्या ओळीत, बहीण. 2001 साली वडील वारले तेव्हा वारसनोंद अशीच झाली. असे किती सातबारे माझ्या हाताखालून गेले, मोजदाद नाही.

2008 साली त्यांनी वाटपाचा दावा लावला, वकील मी. जमीन नऊ एकर, वडिलोपार्जित. आई आधीच गेलेली, मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. जुन्या कायद्याने वडील आणि दोन मुलगे एवढेच सहदायाद, म्हणजे जन्मानेच जमिनीत हिस्सा असणारे. वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटप झालं असं मानायचं, तिघांना तीन-तीन एकर. मग वडिलांच्या तीन एकरांना तिन्ही मुलं वारस, म्हणून मुलीच्या वाट्याला एक एकर. 2005 च्या दुरुस्तीने मुलगीही सहदायाद झाली. ती लागू धरली तर तिन्ही भावंडांना तीन-तीन एकर. एक की तीन, एवढ्यासाठी तेरा वर्षं गेली.

महाराष्ट्राने ही सुधारणा 1994 मध्येच केली होती, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. मावशींचं लग्न 1978 चं. म्हणून सगळी भिस्त संसदेच्या कायद्यावर.

हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचं ते कलम 6 मला तोंडपाठ आहे. 2005 च्या दुरुस्तीच्या प्रारंभापासून, सहदायादाची मुलगी जन्मतःच, मुलाप्रमाणेच, स्वतःच्या हक्काने सहदायाद होईल. एकाच वाक्यात 'प्रारंभापासून' आणि 'जन्मतः'. पहिला शब्द 9 सप्टेंबर 2005 या तारखेला बांधलेला, दुसरा ती मुलगी जन्मली त्या दिवसाला. संसदेने दोन्ही लिहिले. कोणत्या शब्दाचं वजन किती, हे ठरवण्याचं काम कोर्टांच्या पुढ्यात आलं.

2015 मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी सांगितलं की हक्क हयात सहदायादांच्या हयात मुलींनाच. म्हणजे 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील जिवंत हवेत. 2016 साली खालच्या कोर्टाने तोच निवाडा लावून मावशींना एक नवमांश दिला. कोर्टाबाहेर मी त्यांना म्हणाले, "कायदाच तसा आहे, मावशी." हे वाक्य मला अजून सलतं. ते कायद्याचं त्या दिवशीचं वाचन होतं, आणि वकिलाला एवढा फरक कळायला हवा. अपील करायचं त्यांनी ठरवलं, मी नाही.

पुढे 2018 मध्ये दनम्मा विरुद्ध अमर आला. त्यातलेही वडील 2001 सालीच वारलेले, तरी मुलींना मुलांइतकाच हिस्सा मिळाला. पुन्हा दोनच न्यायाधीश. आता जिल्हा न्यायालयात दोन्ही बाजूंच्या हातात सर्वोच्च न्यायालयाचेच निवाडे, एकमेकांच्या विरोधात. अपील पडून राहिलं. अखेर 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने गाठ सोडवली, 2005 साली वडील हयात असायची गरज नाही असं सांगितलं, आणि असे प्रलंबित दावे शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावेत, अशी विनंती केली. म्हणून फेब्रुवारी 2021 मध्ये आमचं अपील बोर्डावर लागलं.

तोंडाला मास्क, एका बाकावर दोनच माणसं. पुकारा झाला तशा मावशी उठून उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत बसल्याच नाहीत. मी उभी राहून म्हणाले, "साहेब, विनीता शर्मा आहे, घटनेच्या कलम 141 प्रमाणे तो सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे." माझ्या मते युक्तिवाद तिथेच संपला होता.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बंधनकारक आहे हे मला माहीत आहे, मॅडम. मला कारण सांगा. कलमात 'सहदायादाची मुलगी' असं लिहिलंय. 2005 साली कलम अमलात आलं तेव्हा वडील जाऊन चार वर्षं झाली होती. मेलेला माणूस सहदायाद नसतो. मग या बाई त्या दिवशी सहदायादाच्या मुलगी होत्या, असं मी कोणत्या आधाराने लिहू?"

प्रश्न खोडसाळ नव्हता. फुलवतीचा सगळा पाया त्यात होता. मी सांगितलं, सहदायाद होणं हे वडिलांकडून मृत्यूनंतर मिळायची गोष्ट नाही, ते जन्मासरशी येतं. मुलगा जन्मला की त्याचा हिस्सा सुरू, वडील जगोत वा न जगोत. 'मुलाप्रमाणेच' हा शब्द संसदेने घातलाय, तेव्हा मुलीच्या बाबतीतही बघायचा तो तिचा जन्म. ती जन्मली तेव्हा वडील सहदायाद होते. हक्क बजावता येतो 2005 पासून, पण तो उभा आहे जन्मावर.

समोरचे वकील माझ्यापेक्षा वीस वर्षांनी ज्येष्ठ, अभ्यासू माणूस. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, कायदा लोकांनी निवडून दिलेल्या संसदेने करायचा. मागच्या काळातल्या मृत्यूंपर्यंत जायचं असतं तर संसदेने तसं लिहिलं असतं. जे लिहिलं नाही ते न्यायालयाने भरायचं का? लोकांनी जुन्या समजुतीवर व्यवहार केले, त्यांचं काय?"

ही भीती मलाही मान्य आहे. न्यायाधीशाला कोणी मत दिलेलं नसतं. त्याने कायद्यात स्वतःच्या मनातलं घुसडलं तर त्याला जाब विचारायला मतदार जाणार कुठे? पण उत्तर कलमातच होतं, आणि इतकी वर्षं ते वाचूनही मी त्या दिवशी पहिल्यांदा ते नीट मांडलं. मी म्हणाले, "संसदेने मागच्या व्यवहारांचा विचार केलाय, साहेब. 20 डिसेंबर 2004 पूर्वीची विक्री, मृत्युपत्र, वाटप यांना धक्का नाही, असं परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादात, लिहिलंय. विधेयक राज्यसभेत मांडलं त्या दिवसाची ती तारीख. काय वाचवायचं ते संसदेने मोजून लिहिलं. वडील आधी वारलेल्या घरांना वगळायचं असतं तर ते त्याच यादीत आलं असतं. यादीत नाही. मी कोर्टाला शब्द घालायला सांगत नाही, समोरची बाजू सांगतेय."

साहेबांनी परंतुक स्वतः वाचलं. सावकाश, बोट ओळीवरून फिरवत, दोनदा. कोर्टहॉलमध्ये टायपिंगचा आवाजही थांबला होता. मग त्यांनी विचारलं, "वाटपाचं काय?"

कारण भावांचा दुसरा बचाव तोच होता. 1998 साली वडिलांनी तोंडी वाटप केलं. कलमाखालच्या स्पष्टीकरणात वाटप म्हणजे नोंदणीकृत दस्त किंवा कोर्टाची डिक्री, असं आहे. विनीता शर्मात तोंडी वाटपाला अगदी अपवाद म्हणून, सरकारी कागदाचा भक्कम आधार असेल तरच जागा ठेवली आहे. मी सातबारा पुढे केला. 1998 ते 2001 जमीन एकट्या वडिलांच्या नावावर. आणि वडिलांमागे वारसनोंद झाली त्यात बहिणीचं नाव, इतर हक्कात का होईना, आहे. वाटप आधीच उरकलं होतं, तर 2001 साली सगळ्या जमिनीला वारस लावले कसे? जो रकाना मावशींना इतकी वर्षं टोचत होता, तोच भावांचा बचाव खोटा पाडत होता.

बाहेर व्हरांड्यात मावशींनी मला एकच विचारलं. "ताई, कायदा 2005 चाच ना? मग तेव्हा एक एकर आणि आता तीन, हे कसं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. संसद वाक्य लिहिते ते सगळ्यांसाठी. तुमच्यासारखं एखादं माणूस ते घेऊन कोर्टात येतं तेव्हाच त्यातली खाच दिसते. कोर्टाने ते चुकीचं वाचलं, असं मोठ्या पीठाला वाटलं तर ते दुरुस्त करतं, कारणं लिहून. आणि कोर्टाचं वाचन संसदेला पटलं नाही तर ती कायदा बदलू शकते. त्या ऐकत होत्या. "म्हणजे मी अपील केलं नसतं तर?" एवढंच म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी निकाल झाला. अपील मंजूर, हिस्सा एक नवमांशऐवजी एक तृतीयांश. साहेबांनी बंधनकारक निवाड्याचा हवाला देऊन काम संपवलं नव्हतं. 'प्रारंभापासून' आणि 'जन्मतः' या दोन शब्दांवर चार पानं लिहिली होती, आणि ज्येष्ठ वकिलांच्या मुद्द्याला वेगळं उत्तर दिलं होतं.

त्या संध्याकाळी मी कपाटातून एक जुनी फाइल काढली. 2017 साली दुसऱ्या एका बाईंनी माझ्या सल्ल्याने लोकअदालतीत तडजोड केली होती, फुलवतीच्या हिशेबाने. ती डिक्री अंतिम आहे, आता उघडता येत नाही. तरी मी फोन करून त्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं तेव्हाही तेवढंच होतं?" मी हो म्हणाले.

नकलेचा अर्ज द्यायला मावशी दुसऱ्या दिवशी आल्या. नक्कल हातात पडली की आकड्यावर बोट ठेवून कुणालाही दाखवता येईल, असं म्हणाल्या. मग विचारलं, "ताई, नाव डावीकडच्या रकान्यात कधी येईल?" मी सांगितलं, डिक्री कलेक्टरकडे जाईल, मोजणी होईल, हद्दी पडतील, ताबा मिळेल, मग तलाठी फेरफार लिहील. भाऊ हायकोर्टात गेले तर तेवढा वेळ आणखी. त्यांनी एकेक पायरी बोटांवर मोजली आणि अर्जावर सही केली.