फ्लेमिंगो मोजणी, नोंद ६ : फोटोची कॉपी नक्की कुठे होते?

ऐरोलीला खाडीवर काढलेल्या फोटोंतले फ्लेमिंगो मोजणारा माझा सी प्लस प्लस प्रोग्राम एका फोटोला तीनशे एमबीच्या पुढे मेमरी खात होता. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. ६००० गुणिले ४००० पिक्सेल, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे ७२ एमबी. मग बाकीचं कुठलं?

निम्मं उत्तर लाजिरवाणं निघालं. एकमेकांच्या पोटात शिरणाऱ्या तीन फंक्शनांना मी व्हेक्टर (फोटोचे सगळे बाइट ठेवणारी यादी) बाय व्हॅल्यू देत होतो, म्हणजे दर वेळी अख्खी कॉपी. जिथे नुसतं वाचायचंय तिथे कॉन्स्ट रेफरन्स केला, म्हणजे कॉपी न करता मूळच फक्त वाचायला दिलं. आकडा उतरला, पण पुरता नाही.

शनिवारी रात्री व्हेक्टर 'फोटो' नावाच्या स्ट्रक्टमध्ये (स्वतः बनवलेल्या डेटा प्रकारात) टाकला. त्याचे कॉपी कन्स्ट्रक्टर आणि कॉपी असाइनमेंट डिलीट केले, मूव्हचे दोन्ही डिफॉल्ट ठेवले. म्हणजे कॉपी केली की कंपायलर अडवणार, कॉपी न करता माल दुसऱ्याकडे सोपवणं (मूव्ह) मात्र चालणार. बिल्ड मारला. पाच एरर! पाच गुपचूप कॉप्या, ओळ क्रमांकासकट. एका फॉर लूपमध्ये ऑटोपुढचा अँपरसँड ('कॉपी नको, मूळच घे' सांगणारी & ही खूण) राहिला होता, एका लॅम्डाने (जागच्या जागी लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनने) अख्खा फोटो स्वतःत भरून घेतला होता.

पण खरी गंमत मूव्हची. स्टँडर्ड लायब्ररीतलं मूव्ह स्वतः काहीच हलवत नाही, 'हे उचललं तरी चालेल' एवढीच चिठ्ठी लावतं. माझा फोटो कॉन्स्ट होता (शिस्तीची हौस, दुसरं काय). कॉन्स्ट मालाला मूव्ह कन्स्ट्रक्टर हात लावू शकत नाही, म्हणून काम मुकाट्याने कॉपी कन्स्ट्रक्टरकडे जातं. कॉपी डिलीट करण्याआधी माझ्या बिल्डमध्ये साधी वॉर्निंगही नव्हती. कॉन्स्ट काढला, ७२ एमबी वाचले.

फोटोच्या पट्ट्या पाडायला आता सी प्लस प्लस २० मधला स्पॅन घेतलाय. तो म्हणजे पॉइंटर आणि लांबी, डेटा दुसऱ्याचाच. हे विसरून फंक्शनच्या आतल्या लोकल व्हेक्टरवरचा (फंक्शन संपताच तो नाहीसा होतो) स्पॅन परत पाठवला, तर नुसत्या चिखलाच्या फोटोत ४१२ पक्षी सापडले. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावल्यावर पहिल्याच रनला चूक पकडली गेली.

मूळ फोटो आणि उजळवलेला फोटो शेजारी ठेवून बघायचे असतील तर मात्र खरोखरच कॉपी लागते. त्यासाठी 'प्रतकाढा' नावाचं वेगळं फंक्शन लिहिलं. सगळ्या कोडमध्ये ते एकदाच येतं, आणि शोधायला सोपं.

पुढच्या रविवारी भरतीची वेळ बघून पुन्हा ऐरोली. पाऊस सुरू झाला की मोजायला पक्षीच उरणार नाहीत.