तेव्हा पडलेला सिनेमा आता थोर कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. प्रश्न तसा नवा नाही. आमच्या फिल्म सोसायटीचा खेळ संपून खुर्च्या आवरायला लागलो की दारापाशी कुणीतरी थांबलेलं असतं. "मॅडम, ज्या सिनेमाला तेव्हा समीक्षकांनी झोडपलं, त्यालाच आता अभिजात म्हणतात. मग तेव्हाचे चुकले की आताचे चुकतायत?" तुमच्यावर तरी विश्वास का ठेवायचा, हा पुढचा प्रश्न बहुतेक जण गिळून टाकतात, पण तो मला ऐकू येतो. उभ्या उभ्या काहीबाही सांगून मी वेळ मारून नेते आणि घरी जाईपर्यंत ते मनाला लागून राहतं.

सुरुवात गुरुदत्तच्या 'कागज के फूल'पासून करते, कारण या सिनेमाबाबत माझंच मत उलटलं आहे.

मी तो पहिल्यांदा पाहिला व्हिडिओ कॅसेटवर, मावशीच्या घरी, चौदा इंची टीव्हीवर. तेव्हा मी नुकतीच एका साप्ताहिकात सिनेमावर लिहायला लागले होते. गुरुदत्तवर एक लेख लिहून हवा होता. मी लिहिलं, की हा सिनेमा स्वतःच्याच दुःखाला कुरवाळत बसतो, माणसं भिंतीला चिकटल्यासारखी उभी राहतात, आणि मध्ये नुसतीच रिकामी जागा दिसत राहते. ते कात्रण अजून माझ्याकडे आहे.

काही वर्षांनी पुण्याला चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम करायला गेले. लॉ कॉलेज रोडवर, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या थिएटरात तोच सिनेमा लागला. दिवे गेले, पडदा दोन्ही बाजूंनी सरकत सरकत रुंद झाला, आणि मला कळलं की मी हा सिनेमा पाहिलेलाच नव्हता.

'कागज के फूल' (1959) हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. या तंत्रात कॅमेऱ्याची लेन्स चित्र आडवं दाबून फिल्मवर बसवते आणि प्रोजेक्टरची लेन्स ते पुन्हा पसरवते. पडद्यावर रुंदी उंचीच्या सव्वादोन पटीहूनही जास्त होते. जुना टीव्ही जवळपास चौकोनी. त्यात हे चित्र भरायचं म्हणजे दोन्ही कडा कापायच्या, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास चित्र गायब. मावशीकडच्या कॅसेटवर नेमकं तेच झालं होतं.

रिकाम्या स्टुडिओतलं ते गाणं आठवा. वरून तिरका उतरणारा प्रकाशाचा झोत, त्यात तरंगणारी धूळ, आणि एकमेकांपासून लांब उभे असलेले गुरुदत्त आणि वहिदा रेहमान, म्हणजे सिनेमातला दिग्दर्शक सुरेश आणि त्याची नायिका शांती. तो झोत छायालेखक व्ही. के. मूर्तींनी आरसे लावून, बाहेरचं ऊन परावर्तित करून आत आणला होता. त्या दोघांमधलं अंतर, आणि ते ओलांडायची दोघांचीही न होणारी हिंमत, हाच त्या प्रसंगाचा विषय आहे. कॅसेटवर माणसं कडेला अर्धी कापली गेली होती आणि मधला झोत तेवढा उरला होता. मी ज्याला "नुसतीच रिकामी जागा" म्हटलं होतं, ती हीच. मी खोटं लिहिलं नव्हतं. मला जे दिसलं ते लिहिलं होतं. दिसलंच अर्धवट.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर खरं तर इथेच आहे. परीक्षण म्हणजे एका खेळाची नोंद. कुठल्या प्रिंटचा, कुठल्या पडद्यावरचा, कुठल्या साली, आणि काय काय ठाऊक असलेल्या माणसाने पाहिलेला, हे सगळं त्यात आलं. सिनेमा तोच राहतो आणि माणसाची अक्कल वाढते, इतका सरळ हिशेब नसतो.

1959 साली थिएटरात बसलेल्या माणसाचा विचार करा. त्याच्यासाठी गुरुदत्त हा चांगला चाललेला दिग्दर्शक होता. 'प्यासा' दोनच वर्षांपूर्वी येऊन गाजला होता. असा माणूस पडद्यावर एका दिग्दर्शकाची धूळधाण दाखवतो, शेवटी त्याला स्टुडिओतल्या खुर्चीत मरायला लावतो, तर प्रेक्षकाला ते परकं वाटणारच. आपण तो सिनेमा 10 ऑक्टोबर 1964 नंतर पाहतो. एकोणचाळिसाव्या वर्षी गेलेला गुरुदत्त आपल्याला प्रत्येक चौकटीत दिसतो. 'कागज के फूल'नंतर त्याने दिग्दर्शक म्हणून पुन्हा स्वतःचं नाव लावलं नाही, हेही आपल्याला माहीत असतं. तेव्हाच्या प्रेक्षकाकडे यातलं काहीच नव्हतं. त्याला मी अरसिक म्हणणार नाही.

उलट तेव्हाचं कौतुकही विसरू नका. मूर्तींच्या छायालेखनाला आणि एम. आर. आचरेकरांच्या कलादिग्दर्शनाला फिल्मफेअर पारितोषिकं मिळाली होती. म्हणजे प्रकाश आणि नेपथ्य लोकांना तेव्हाही दिसलं होतं, कथा पचली नव्हती. आणि ती काही ठिकाणी आजही पचत नाही. जॉनी वॉकरचं उपकथानक मधेच येऊन लय मोडतं. सुरेशच्या सासरच्या मंडळींचे प्रसंग ठोकळेबाज आहेत. आज या सिनेमावर लिहिणारे बरेच जण हे बोलतच नाहीत, भक्तिभावाने वाट वाकडी करून जातात. इथे मला तेव्हाचे नाराज समीक्षक जास्त प्रामाणिक वाटतात.

कधी कधी तर सिनेमाच बदललेला असतो, अगदी शब्दशः. फ्रेंच दिग्दर्शक झाँ रेन्वारचा 'द रूल्स ऑफ द गेम' जुलै 1939मध्ये पॅरिसमध्ये लागला तेव्हा लोक खवळले. रेन्वार घाबरून एकेक प्रसंग कापत गेला, युद्ध सुरू झाल्यावर सरकारने बंदी घातली, आणि मूळ निगेटिव्ह बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. पुढे दोन तरुणांनी सापडतील ते तुकडे जमवून, रेन्वारच्या सल्ल्याने तो पुन्हा जोडला. ती आवृत्ती 1959मध्ये लोकांसमोर आली. आज जगभर ज्याला डोक्यावर घेतात तो हा जोडलेला सिनेमा. 1939च्या आणि आजच्या समीक्षकांमध्ये कोण बरोबर, असं विचारण्यात काय अर्थ आहे?

हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'चं आणखी वेगळं. 1958चा हा सिनेमा हक्कांच्या भानगडीत बरीच वर्षं बघायलाच मिळत नव्हता, 1980च्या दशकात परत आला. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांकडून सर्वोत्तम सिनेमांची यादी मागवतं. 2012 साली 'व्हर्टिगो'ने त्यात 'सिटिझन केन'ला मागे टाकलं. 2022मध्ये शांताल अकरमान या बाईंचा 'जान डीलमान' पहिला आला. एका बाईची घरकामं तीन तासांहून जास्त वेळ शांतपणे दाखवणारा 1975चा सिनेमा. मत देणारे 2002 साली दीडशेच्या आत होते, 2022 साली सोळाशेंवर गेले. मत देणाऱ्यांची पंगत वाढली, तिथे वेगळ्या देशांतली आणि वेगळ्या वयाची माणसं येऊन बसली, की ताटात काय आधी उचललं जाईल तेही बदलतं.

आपल्या घरचंही सांगते. 'अशी ही बनवाबनवी' 1988मध्ये आला तेव्हा मी त्याला चार ओळींत उडवून लावलं होतं. बायकांचे कपडे घातलेले पुरुष, बस्स. पुढे लग्नानंतर आम्ही दोघं पुण्यात खोली शोधत फिरलो. एका घरमालकीणबाईंनी जात विचारली, दुसरीकडे मूल कधी होणार ते विचारलं. त्यानंतर तो सिनेमा पाहिला आणि हसता हसता थबकले. चार माणसांना डोक्यावर छप्पर हवंय, मालकीणबाईंना फक्त जोडपी हवीत. वसंत सबनीसांच्या संवादांतली गंमत या अडचणीतून फुटते. मी कपडे पाहिले होते, अडचण पाहिली नव्हती, कारण तोवर ती माझ्यावर आली नव्हती.

मग विश्वास कशावर ठेवायचा? मी म्हणेन, तारखेवर. माझी जुनी परीक्षणं मी फाडलेली नाहीत. नवं मत झालं की कात्रणाशेजारी तारीख घालून लिहिते, काय वेगळं दिसलं आणि कशामुळे तेही लिहिते. 'कागज के फूल'ला आता तीन नोंदी झाल्या आहेत.

तिसरी अलीकडचीच. आम्ही तो सोसायटीत दाखवला, पूर्ण रुंदीत. चर्चेला सगळे झोताबद्दल, मूर्तींबद्दल, गुरुदत्तच्या मरणाबद्दल बोलत होते. मागच्या रांगेतून कॉलेजातली एक मुलगी उठली. म्हणाली, "मला सुरेशचं वाईट वाटलंच नाही. त्याची मुलगी येऊन सांगते आणि शांती चांगलं चाललेलं काम सोडून खेड्यात शिकवायला जाते. तिला काय हवंय ते सिनेमाभर एकानेही विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा कुणी आत्ता विचारलं नाहीत."

हॉल शांत झाला. मी इतक्या वेळा तो सिनेमा पाहिला, पण शांतीच्या बाजूने एकदाही पाहिला नव्हता. घरी आल्यावर वही काढली, तारीख घातली आणि तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत उतरवून ठेवलं. पुढच्या महिन्यात तो पुन्हा लावतोय. या वेळी मी मागच्या रांगेत, तिच्या शेजारी बसणार आहे.