आमची वाटचाल : मोठ्या गाड्या आणि मिठाचे रस्ते

मिशिगन राज्यात डेट्रॉइटच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या वॉरन या गावी 2003 च्या मार्च महिन्यात मी आणि माझ्या पत्नीने दोन लिफ्टचे एक गॅरेज भाड्याने घेतले, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे आलेल्या प्रत्येक गाडीचे एक पान आमच्या वहीत आहे. गाडी कोणत्या सालची, किती मैल धावलेली, कोणती तक्रार घेऊन आली, प्रत्यक्षात काय निघाले, किती तास लागले आणि ती पुन्हा केव्हा आली, एवढेच त्या पानावर असते. पत्नीने हिशेबाच्या सोयीसाठी सुरू केलेल्या या वह्यांनीच पुढे आमच्या धंद्याची दिशा ठरवली. "जुन्या मोठ्या गाड्यांमध्ये सर्वांत जास्त टिकणारी कोणती?" हा प्रश्न आम्हाला जवळजवळ रोज विचारला जातो, आणि त्याचे जे उत्तर आज आम्ही देतो ते या वह्यांतून हळूहळू तयार झालेले आहे.

माझे वडील मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात जोडणी विभागात होते. वालचंद हिराचंद यांनी क्रायस्लरच्या तांत्रिक सहकार्याने उभारलेल्या या कारखान्यातून 1947 पासून अमेरिकन बनावटीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या होत्या. बाबा तेथे लागले तेव्हा फियाटचा काळ सुरू झालेला होता, तरी जुन्या डॉज गाड्या शहरात अजून धावत होत्या, आणि रविवारी ते ओळखीच्या टॅक्सीवाल्यांच्या गाड्या दुरुस्त करून देत. पाने-पक्कड पुसून त्यांच्या हातात देणे हे माझे पहिले काम. मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन 1996 साली मी मिशिगनला आलो, काही वर्षे सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी केली आणि मग स्वतःचे गॅरेज काढले. अमेरिकन मोठी गाडी मला परकी वाटली नाही, याचे श्रेय त्या रविवारांना आहे.

सुरुवातीची पाच-सहा वर्षे येईल ती गाडी आम्ही घेत होतो. 2009 च्या एप्रिलअखेरीस क्रायस्लरने आणि 1 जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा आमच्या परिसरात घरटी कोणाची ना कोणाची नोकरी गेली किंवा जाण्याच्या बेतात आली. नवी गाडी घेण्याचा विचार लोकांनी सोडला आणि आहे तीच चालवायचे ठरवले. आमचे बहुतेक ग्राहक कारखान्यांतून निवृत्त झालेले आणि त्यांच्या गाड्या ब्यूक, मर्क्युरी, फोर्ड किंवा शेव्हरोले. प्रवासी आणि सामानाची जागा मिळून 120 घनफूट किंवा त्याहून अधिक असलेली सेडान सरकारी वर्गवारीत मोठी गाडी ठरते, आणि आमच्या दारात त्याच गाड्यांची रांग लागू लागली. त्या हिवाळ्यात मी जुन्या वह्या काढून बसलो आणि प्रत्येक मॉडेलची पाने वेगळी केली.

सर्वांत जाड गठ्ठा ब्यूक लेसेबरचा निघाला. हिच्यातले 3.8 लिटरचे व्ही-6 इंजिन हा दीर्घायुष्याचा एक नमुना आहे. ब्यूकने साठच्या दशकाच्या सुरुवातीला बनवलेल्या व्ही-6 चा हा वंश; त्याची यंत्रसामग्री कंपनीने 1967 मध्ये कैझर-जीपला विकली आणि तेलटंचाईच्या काळात 1974 मध्ये परत विकत घेतली, आणि सुधारणा होत होत ते इंजिन 2008 पर्यंत बनत राहिले. वाल्व्ह हलवायला जुन्या पद्धतीचे पुशरॉड आणि टायमिंगला चेन; ब्लॉक बिडाचा आणि त्याच्यावर झाकणासारखी बसणारी हेडही बिडाची, त्यामुळे तापमान थोडे चढले तरी हेड लगेच वाकत नाही. मात्र 1990 च्या दशकाच्या मध्यापासून आलेल्या दुसऱ्या मालिकेत सिलिंडरांना हवा वाटून देणारे वरचे इनटेक मॅनिफोल्ड प्लास्टिकचे आहे, आणि एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात आणणारी गरम नळी त्याच्यातून वर येते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्या नळीभोवतीचे प्लास्टिक मऊ होऊन झिजते आणि शेजारच्या वाटेतले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, आत झिरपू लागते.

हे आम्ही पैसे मोजून शिकलो. 2007 साली एका निवृत्त शिक्षिकेच्या लेसेबरचे खालचे गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारी पट्टी) आम्ही बदलले आणि वरचे मॅनिफोल्ड दिसायला स्वच्छ आहे म्हणून तेच परत बसवले. तीन आठवड्यांनी रात्रीतून एका सिलिंडरमध्ये कूलंट साचले, सकाळी बाईंनी चावी फिरवली आणि द्रव दाबला जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला. चूक आमची होती. आम्ही दुसरे वापरलेले इंजिन आणून स्वखर्चाने बसवले, आणि त्या दिवसापासून हे काम हाती घेतले की वरचे मॅनिफोल्ड, दोन्ही गॅस्केट आणि कूलंटचे प्लास्टिकचे छोटे एल्बो एकत्रच बदलायचे, हा नियम झाला. तो पाळल्यावर ही इंजिने पुन्हा त्या कारणासाठी आमच्याकडे आलेली नाहीत.

दुसरा गठ्ठा फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया, मर्क्युरी ग्रँड मार्क्विस आणि लिंकन टाउन कार यांचा. या तिन्ही एकाच पँथर प्लॅटफॉर्मवरच्या बहिणी. 1979 पासून 2011 पर्यंत ही घडण चालली आणि शेवटची गाडी त्या सप्टेंबरमध्ये कॅनडातल्या सेंट थॉमस येथील कारखान्यातून बाहेर पडली. स्वतंत्र चेसिस (खालचा सांगाडा), तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी, पुढे 4.6 लिटरचे व्ही-8 इंजिन आणि मागच्या चाकांना ओढ, अशी ही साधी मांडणी पोलिसांनी आणि टॅक्सीवाल्यांनी इतकी वर्षे उचलून धरली ती उगीच नाही. लेसेबरमध्ये आडव्या बसवलेल्या इंजिनाच्या मागच्या बाजूला हात घालताना जी कसरत करावी लागते, तिच्या निम्मीही येथे करावी लागत नाही. साधारणपणे 1996 ते 2001 च्या गाड्यांत येथेही प्लास्टिकच्या मॅनिफोल्डचीच अडचण आहे, पण वेगळ्या जागी: पुढच्या बाजूला, थर्मोस्टॅटजवळ कूलंटची जी आडवी वाट आहे तेथे बारीक चीर जाते. कूलंट गळून स्पार्क प्लगच्या खोलगट भोकात साचते आणि गाडी एका सिलिंडरवर अडखळू लागते. पुढे ती वाट ॲल्युमिनियमची असलेला भाग आला. तो बसवणे आमच्याकडे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि एकदा बसवला की त्या जागेची काळजी संपते. टाउन कारच्या मागच्या हवेच्या स्प्रिंगा म्हातारपणी गळतात आणि त्यांना फुगवता फुगवता कॉम्प्रेसर जळतो. अशा वेळी बहुतेक ग्राहक साध्या पोलादी स्प्रिंगा बसवून घेतात. गिअरबॉक्सचे तेल ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या प्रतीचेच बदलले तर तो फार क्वचित त्रास देतो.

तुलना करताना लोक कोणते इंजिन किती लाख मैल धावले एवढेच पाहतात, हे मला अपुरे वाटते. आमच्या वह्यांत 2,00,000 मैल ओलांडलेल्या लेसेबर आणि ग्रँड मार्क्विस दोन्ही भरपूर आहेत. फरक दिसतो तो विसाव्या वर्षी. त्या वयाला प्रत्येक गाडीचे काही ना काही निघतेच; ते एका दिवसात आणि गाडीच्या किमतीच्या मानाने परवडेल अशा खर्चात होते की नाही, त्यावर ती रस्त्यावर राहणार की भंगारात जाणार हे ठरते.

शेव्हरोले कॅप्रिस आणि तिच्या कुळातल्या ब्यूक रोडमास्टरची गोष्ट यामुळेच मनाला लागते. 1991 ते 1996 मधली ही गोलसर अंगाची गाडी चालवायला मला सर्वांत आवडते, हे मान्य केले पाहिजे. 1993 पर्यंतच्या जुन्या धाटणीच्या व्ही-8 इंजिनांना मरण नाही म्हटले तरी चालेल. 1994 पासून आलेले 5.7 लिटरचे एलटी-1 इंजिन जोरदार, पण त्याचा सिलिंडरांना ठिणगी वाटणारा ऑप्टिस्पार्क नावाचा डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, नेमका वॉटर पंपाच्या खाली बसवलेला आहे. त्याच्या आत 360 बारीक खाचांची एक पातळ चकती फिरते आणि प्रकाशाच्या साहाय्याने इंजिनाची स्थिती मोजते. वॉटर पंपाचे सील म्हातारे झाले की थेंब थेंब कूलंट त्याच्यावर पडते, ओल आत शिरते आणि पावसाळी सकाळी गाडी सुरू होत नाही. वॉटर पंप बदलायला निघालेल्या ग्राहकाला डिस्ट्रिब्यूटरचाही खर्च सांगावा लागतो, आणि चांगल्या प्रतीचा भाग दरवर्षी महाग आणि दुर्मीळ होत चालला आहे. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात 1996 अखेर या सेडान बंद करून मोठ्या एसयूव्ही बनवायला सुरुवात झाली. एरवी हा वंश पँथरच्या बरोबरीने चालला असता असे माझे मत आहे. त्यात 2009 च्या उन्हाळ्यात कमी मायलेजच्या गाड्या मोडीत काढण्याची सरकारी योजना आली. जमा झालेल्या गाडीच्या इंजिनातले तेल काढून त्यात सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतायचे आणि इंजिन जागेवर घट्ट होईपर्यंत ते चालू ठेवायचे, अशी पद्धत होती. मोजक्या आठवड्यांत पावणेसात लाखांवर वाहने अशी संपली. आमच्याकडे सहा वर्षे नियमित आलेली एक कॅप्रिस त्यात गेली, आणि तिच्या पानावर पत्नीने फक्त तारीख लिहिली.

कॅडिलॅक डव्हिलमधले नॉर्थस्टार इंजिन आम्ही 2011 नंतर घेत नाही. त्याच्या ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधले हेड बोल्टांचे आटे कालांतराने सुटतात आणि हेड गॅस्केट जाते. नुसते गॅस्केट बदलून उपयोग नसतो, प्रत्येक भोकाला नव्याने आटे पाडून त्यात पोलादी इन्सर्ट किंवा स्टड बसवावे लागतात. काम होते आणि चांगले होते, पण दोन लिफ्टच्या गॅरेजमध्ये एक लिफ्ट आठवडाभर अडवून ठेवणे आम्हाला झेपत नाही. क्रायस्लरच्या मोठ्या गाड्यांतल्या 2.7 लिटर इंजिनाचा वॉटर पंप टायमिंग चेनवर, इंजिनाच्या पोटात आहे, आणि तो गळला तर कूलंट सरळ तेलात मिसळते. त्याच गाड्यांतले 3.5 लिटरचे इंजिन मात्र वेळेवर टायमिंग बेल्ट बदलणाऱ्याला निराश करत नाही.

आता मिठाविषयी. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून अधिक खोल, मिठाची खाण आहे, आणि हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी येथील रस्त्यांवर मुबलक मीठ पसरले जाते. मिशिगनमध्ये गाड्यांची ठरावीक काळाने होणारी सक्तीची तपासणीही नाही, त्यामुळे खालून सडलेली गाडी मालकाच्या नकळत वर्षानुवर्षे धावू शकते. 2005 च्या हिवाळ्यात बाबा आमच्याकडे राहायला आले होते. एके दिवशी ते लिफ्टखाली उभे राहिले आणि लहान हातोडी घेऊन एका ग्रँड मार्क्विसच्या चेसिसवर पुढून मागे ठोकत गेले. मागच्या चाकाच्या वरच्या कमानीपर्यंत टणटण आवाज येत होता. कमानीपाशी तो बद्द झाला. त्यांनी तेथे स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. "इंजिन ऐकण्याआधी हे ऐकत जा," एवढेच ते म्हणाले. तेव्हापासून आमच्याकडे गाडी आली की बोनेट उघडण्यापूर्वी ती लिफ्टवर जाते आणि हातोडीने वाजवली जाते.

याच तपासणीमुळे आमचे मत बदलत गेले. लेसेबरची बॉडी आणि चेसिस एकजीव आहे. तिचे दाराखालचे पत्रे आणि पुढच्या सबफ्रेमच्या बैठका सडल्या की आत उत्तम चालणारे इंजिन असूनही गाडी सोडून द्यावी लागते. पँथरची चेसिसही सडते, पण जाड आणि सुटी असल्यामुळे वेळीच कळले तर योग्य वेल्डरकडून कमान दुरुस्त करता येते. ब्रेकचे पाइप दोन्हींचे जातात. एका ग्राहकाच्या पायाखालचे पेडल चौकात पोहोचताना तळाला गेले आणि हँडब्रेकने गाडी थांबली, तेव्हापासून आम्ही एक तुकडा जोडून देणे बंद केले. गंज दिसला की निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे पाइप पुढपासून मागपर्यंत नवे घालतो आणि ग्राहकाला ते मान्य नसेल तर काम घेत नाही. काही ग्राहक यामुळे गेले. या गावी, या हवामानात ग्राहकाने मला एकच गाडी निवडायला सांगितली तर मी 2003 किंवा त्यानंतरची ग्रँड मार्क्विस निवडतो, कारण त्या वर्षी तिला नवी, अधिक मजबूत चेसिस आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग मिळाले. तोच ग्राहक कोरड्या ॲरिझोनात राहायला जाणार असेल तर मी त्याला मोकळ्या मनाने लेसेबर घ्यायला सांगतो.

2014 पासून आम्ही दरवर्षी दोन-तीन गाड्या दक्षिणेकडून, मीठ न लागलेल्या अंगाच्या, शोधून आणतो आणि त्यांच्यात ठरलेले भाग आधीच बदलून विकतो. प्रत्येक गाडीसोबत तिच्या पानाची प्रत देतो. पुण्याहून येथे शिकायला आलेल्या एका मुलाने पहिली अशी ग्रँड मार्क्विस घेतली होती. नोकरी लागून तो शिकागोला गेला तरी तेल बदलायला अजून आमच्याकडेच येतो.

मुलीने आता सगळ्या वह्या संगणकावर चढवल्या आहेत, तरी लिफ्टजवळ कागदाचीच वही असते. ऑक्टोबर लागला की बर्फ पडण्याआधी गाडीच्या खालून धुऊन तेलकट लेप मारण्याचे काम सुरू होते. यंदाची पहिली गाडी त्या निवृत्त शिक्षिकांची लेसेबर आहे. आम्ही बसवलेले इंजिन तिच्यात अजून आहे. दाराखालचा डावा पत्रा या वेळी थोडा बद्द वाजला, म्हणून बाईंना फोन करून गाडी दोन दिवस जास्त ठेवून घेतली आहे.